मानाई हक्काची खबर

ती घटना आठवली की आजही मी आधी माझा उजवा कान चोळतो, कारण त्या प्रकरणात एक चूक त्या कानाची होती. दुसरी पोलीस पाटलाच्या कानाची. तिसरी मात्र कानाची नव्हती, आणि ती सांगायची म्हणून हे लिहायला बसलो आहे.

पोलीस अधिकाऱ्याच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, घाटात उलटलेल्या ट्रकमधला माल पळवणारी सभ्य माणसंही पाहिली. लोकांना तसलं ऐकायला आवडतं. नावं मी कुणाचीच घेणार नाही, गावाचंही नाही. महाड आणि पोलादपूरच्या मधल्या डोंगरातलं एक गाव, एवढं पुरे. अजून त्या वाटेने माझं जाणं होतं आणि तिथे मिळणारा चहा बंद व्हायला नको.

शिमगा आठ दिवसांवर आला होता. आमच्याकडे शिमगा म्हणजे बंदोबस्त. ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते, घरोघरी फिरते आणि तिला पहिला खांदा कुणी द्यायचा यावरून माणसं एकमेकांची डोकी फोडतात. देवीसमोर नम्र व्हायला जाताना एवढा ताठा कुठून येतो, हे मला कधी कळलं नाही. या गावची देवी मानाई. खालची वाडी म्हणे मान आमचा, मधली वाडी म्हणे आमचा. चार-पाच वर्षांपूर्वी तिथे मोठी मारामारी झाली होती, एकाचा डोळा गेला होता. त्या गुन्ह्याचा तपास मीच केला, आरोपींना शिक्षा लागली आणि मला वरून प्रशस्तिपत्र मिळालं. मग दोन्ही वाड्यांना ठाण्यात बसवून पहिला खांदा कुणाचा, दुसरा कुणाचा, हे कागदावर लिहून सह्या घेतल्या. त्या कागदाला मी फुलासारखा जपत होतो.

अशात सकाळी पोलीस पाटलाचा फोन आला. हा खालच्या वाडीचा, बोलायला गोड आणि खबर द्यायला तत्पर. डोंगरात रेंज म्हणजे देवाची मर्जी. अर्धे शब्द येत होते, अर्धे वाऱ्यावर जात होते.

"साहेब, लफडा व्हनार हाय! दिल्लीवाली बाई आलेय गावात. शालंत मीटिंग घेतलान. मानाई हक्क वाटते."

"कसला हक्क?"

"मानाई हक्क! सगल्यांना सारखा म्हनते. बायांना पन!"

माझ्या अंगावर काटा आला. जो मान दोन वाड्यांत वाटताना माझे केस पिकले, तो ही बाई सगळ्या गावाला वाटून मोकळी झाली होती. मी डायरीत लिहून टाकलं, 'मानाई हक्काबाबत अनोळखी महिलेने बेकायदा बैठक घेतल्याची खबर.' शाळेत भरदिवसा घेतलेली बैठक बेकायदा कशी, हे मला त्या वेळी कुणी विचारलं नाही. ठाण्यात मला काही विचारायची पद्धतच नव्हती.

तासाभरात पाटील स्वतः मोटारसायकलवरून हजर झाला. त्याने सांगितलेला वृत्तांत असा. बाईने लोकांना गोल बसवलं आणि म्हणाली, हा हक्क जन्मासोबत मिळतो, कुणी देत नाही आणि कुणी काढून घेऊ शकत नाही. मानकऱ्यांपैकी एकाने विचारलं, यात गुरव येतो का? ती म्हणाली, गुरव काय, सगळेच येतात. मग दुसऱ्याने मुद्द्याचं विचारलं, पयला खांदा कोनाचा?

"तर काय म्हनाली म्हायताय, साहेब? सगल्यांनी खांद्याला खांदा लावायचा!"

"आणि कुणी आडवं आलं तर?"

"तर म्हने तक्रार करा, आमी दिल्लीपातूर न्हेनार. साहेब, आमची देवी दिल्लीला? गावात निस्ता हंगामा झालाय."

"आणखी काय केलं तिने?"

पाटलाने आवाज खाली आणला. "लाल दोरा काडलान. गुंडा. सगल्यांच्या हातातनं फिरवून आख्खा गाव दोऱ्यात बांदलान."

आमचे हवालदार शेजारीच उभे होते. पंचावन्नच्या घरातले, याच तालुक्यातले, चोराला अंधारात नुसत्या खोकल्यावरून ओळखणारे. त्यांनी हळूच गळ्यातल्या ताईताला हात लावला.

"आणि शेवटी अंगठे घेतलान," पाटील म्हणाला. "पयला अंगठा कोनाचा? त्या वरच्या वाडीतल्या म्हाताऱ्याचा. तोच उठून म्हनाला, मंग आमाला पन हाय का हक्क? त्याचीच फूस हाय ही सगली."

वरच्या वाडीत गुरं-शेळ्या राखणाऱ्यांची तीन घरं. मी लगेच दोन माणसं पाठवली. एकाने म्हाताऱ्याला घेऊन यायचं आणि हवालदारांनी बाईला.

बाई दुपारी आल्या. तिशीच्या, पायांत साध्या चपला, खांद्यावर भली मोठी पिशवी. मूळच्या लातूरकडच्या, बिरवाडीत खोली भाड्याने घेऊन राहत होत्या. त्या खुर्चीवर बसल्या आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच चौकशी सुरू केली.

"सर, मला अटक केलीय का?"

"नाही. चौकशीला बोलावलंय."

"मग नोटीस?"

मी हवालदारांकडे पाहिलं. हवालदारांनी खिडकीकडे पाहिलं.

"बाईचा जबाब घ्यायला पोलिसांनी तिच्या राहत्या जागी यायचं असतं, सर. पण असू दे. मी स्वतःहून आले असं लिहा. तुमच्याकडे त्या भिंतीवर सगळं लिहिलेलंच आहे ना?"

भिंतीवर एका पतपेढीचं गणपतीचं कॅलेंडर होतं. हवालदारांनी ते उचललं तर मागे खरोखरच पाटी निघाली, अटक आणि चौकशीच्या वेळी पोलिसांनी काय पाळायचं याची. मी त्या ठाण्यात पाच-सहा वर्षं होतो. कॅलेंडर माझ्याआधीपासूनचं होतं, तारखा तेवढ्या कुणीतरी दर वर्षी बदलत असे.

पिशवीची झडती घेतली. हवालदार मोठ्याने सांगत होते आणि शिपाई लिहीत होता. मोठे गुंडाळलेले कागद, चित्रांचे, चार. स्केचपेन एक डबी. बिस्किटांचे पुडे दोन, एक फोडलेला. पुस्तिकांचा गठ्ठा. सह्या-अंगठ्यांचा हजेरीचा कागद. एवढं झाल्यावर हवालदार थांबले आणि दोन पावलं मागे सरले.

"काय झालं?"

"साहेब, गुंडा हाय."

लाल लोकरीचा तो गुंडा शेवटी मीच बाहेर काढला. बाईंना हसू आवरेना. म्हणाल्या, "हा खेळ आहे हो. एकाने दोरा धरून दुसऱ्याकडे टाकायचा, जाळं तयार होतं. एकाने सोडलं की सगळ्यांचं सैल पडतं. एकाचा हक्क गेला तर बाकीच्यांचाही ढिला होतो, हे दाखवायला."

"मानाई हक्काचा खेळ?"

"हो, मानवी हक्कांचा."

"तेच विचारतोय. मानाईचा मान तुम्ही कुठल्या अधिकारात वाटता?"

त्यांनी गठ्ठ्यातली एक पुस्तिका काढून टेबलावर सरळ केली. ठळक अक्षरांत छापलं होतं, 'मानवी हक्कांची ओळख'. खाली त्यांच्या संस्थेचं नाव. देशभर तुरुंग, कोठड्या, वसतिगृहं यांतल्या माणसांना कसं वागवलं जातं यावर लक्ष ठेवणारी आणि गावोगाव हक्कांचं शिक्षण देणारी ती संस्था. मुख्य कचेरी दिल्लीला, म्हणून तक्रार दिल्लीपर्यंत.

"मानाई कोण?" त्यांनी विचारलं.

हवालदारांनी त्यांना मानाई कोण ते सांगितलं. लातूरच्या बाईला कोकणातली ग्रामदेवता कुठून माहीत असणार? सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "तरीच! म्हणूनच ते विचारत होते, या हक्काला सोवळं लागतं का. मी म्हटलं, अजिबात नाही, सगळ्यांनी शिवायचं!"

हवालदार हसता हसता भिंतीला टेकले. मीही हसलो. डायरीतली सकाळची ओळ आठवली तेव्हा हसू थांबलं, कारण डायरीत खाडाखोड चालत नाही. ती ओळ अजूनही तशीच असेल.

प्रकरण इथे संपलं असतं. मी चहा सांगितला, बाईंना सोडायला गाडी सांगितली. त्या दारापाशी गेल्या आणि थांबल्या.

"सर, बाहेर बाकावर बसलेत ते आजोबा कोण? त्यांची नोंद कुठे केलीत?"

म्हाताऱ्याला मी विसरलोच होतो. सकाळपासून बसला होता. नोंद नव्हती. पाणी विचारलं होतं का, तेही कुणाला सांगता येईना. बाईंनी मुकाट्याने आपला फोडलेला बिस्किटांचा पुडा त्याच्या हातात दिला आणि माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. वरिष्ठांनी झापलेलं मी पुष्कळ ऐकलं आहे. त्या नजरेइतकं ते कधी लागलं नाही.

त्याला आत घेतला. समोर आला आणि मी ओळखला. मारामारीच्या गुन्ह्यातला माझा मुख्य साक्षीदार. त्या दिवशी वरच्या टेकाडावर, त्यांच्या बोलीत टेपावर, शेळ्या चारत होता आणि काठी कुणी मारली ते त्याने स्वच्छ पाहिलं होतं. कोर्टात उलटतपासणीत वकिलाने घाम काढला, तरी हा जागचा हलला नव्हता. माझं प्रशस्तिपत्र खरं तर त्याचंच होतं.

"बाबा, तुम्हाला पालखीचा मान कशाला हवा?"

"मान नको, साहेब. मान घेऊन कुटं ठेवू? पालकी दारात यावी, येवडंच."

"येत नाही का?"

"साक्ष दिली ना मी," तो म्हणाला, जणू ऊन पडलंय ना म्हणावं, इतक्या सहज. "तवापासून तीन शिमगे झाले. माज्याशी कोन बोलत नाय."

हळूहळू सगळं बाहेर आलं. ज्यांना शिक्षा झाली ते पोलीस पाटलाचे चुलतभाऊ. गावाने बैठक घेतली नाही, ठराव केला नाही, दंड सांगितला नाही. फक्त बोलणं थांबवलं. दुकानदार सामान देत नाही. गिरणीवाला याचं भात भरडत नाही. वरच्या वाडीतली बाकीची दोन घरं बिरवाडीला कारखान्यांत कामाला गेलेली, दारांना कुलपं. राहिली ही दोघं नवराबायको. रायगड जिल्ह्यात वाळीत टाकणं नवीन नाही, त्यासाठी वेगळा कायदाही झाला आहे आणि त्याचं परिपत्रक मी स्वतः वाचून सही केली होती.

"बायको म्हनते, मानाईची ओटी भरायची हाय. दर वर्सी खन आनून ठेवते. तीन खन पेटीत पडलेत. यंदा चौथा. बाईंनी सांगितला, हक्क सगल्यांना सारखा. म्हटलं, मंग ओटीचा पन आसंल."

मला लाज वाटली. साक्ष झाल्यावर मी त्या माणसाला गाडीभाड्याचा कागद दिला होता आणि पाठ थोपटली होती. त्यानंतर त्या टेपावर मी एकदाही चढलो नव्हतो.

आता तपास उलटा फिरला. पाटलाला बोलावलं.

"वाळीत?" तो दोन्ही कान धरून म्हणाला. "देवाशपत नाय, साहेब! कायदा हाय ना त्याचा. आमी कशाला वालीत टाकू? निस्तं बोलत नाय."

"का बोलत नाही?"

"बोलायला कायतरी विषय तर पायजे."

हुशार उत्तर होतं. न बोलण्याचा पंचनामा कसा करायचा? खून झाला तर प्रेत असतं, चोरी झाली तर रिकामं कपाट असतं. इथे मुद्देमाल म्हणजे शांतता. या पेचातून वाट हवालदारांनी काढली.

दुसऱ्या दिवशी ते साध्या कपड्यांत, म्हाताऱ्याला आणि शेजारच्या गावच्या दोन पंचांना घेऊन गावातल्या दुकानावर गेले. पंचनामा मला तोंडपाठ आहे. 'सदर इसमाने काडेपेटी मागितली असता दुकानदाराने त्याच्याकडे न पाहता हवालदारांना सांगितले की, त्यांना सांगा काडेपेटी संपली. हवालदारांनी स्वतःसाठी काडेपेटी मागितली असता दुकानदाराने दोन काढून, कुठल्या मार्क्याची देऊ, असे विचारले. सदर इसमाने पुन्हा मागितली असता दुकानदाराने हवालदारांना सांगितले की, त्यांना सांगा, सकाळीच संपली.' गिरणीवर याहून मजा झाली. गिरणीवाल्याने म्हाताऱ्याला उत्तर द्यायला नको म्हणून चालू गिरणीत स्वतःचंच भरडलेलं भात पुन्हा ओतलं. पंचांपैकी एक इतका हसला की त्याची सही वाकडी आली.

पंचनामा टेबलावर ठेवल्यावर पाटलाचा गोडवा आटला. पाचजणांना नोटिसा काढल्या, पहिली त्याला. पोलीस पाटलाने गावातला गुन्हा कळवायचा असतो, आणि हा तर सकाळ-संध्याकाळ गुन्ह्याच्या मधोमध जेवत होता. मी त्याला विचारलं, तू त्या माणसाशी शेवटचं कधी बोललास? त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग एकदम म्हणाला, "लहानपनी आमी एकाच मास्तराचा मार खाल्लाय, साहेब." त्याचे डोळे भरले होते. पण मी ते जबाबात घेतलं नाही.

बाईंचं म्हणणं, गुन्हा आत्ताच नोंदवा, थांबायचा अधिकार तुम्हाला नाही. कायद्याने त्यांचंच बरोबर होतं. तक्रार त्यांनी लिहूनही दिली. पण म्हाताऱ्याने अंगठा उचलून धरला आणि म्हणाला, "आदी पालकी येऊ दे. मंग उटवतो. नाय आली तर दोन उटवतो." बाईंनी थोडा विचार केला. म्हणाल्या, "त्यांची तक्रार, त्यांचा निर्णय. पण मी शिमग्याला इथेच आहे."

शांतता कमिटीची बैठक देवळासमोर झाली. बाईंनी कायदा समजावला. 'मा-न-वी' हा शब्द त्यांनी इतका तोडून तोडून उच्चारला की मागच्या रांगेतली म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बिचारी तोतरी हाय गो." मी नोटिसा वाचून दाखवल्या. मग गुरवाने घसा साफ केला आणि म्हणाला, मानाईने कधी कुणाचं दार चुकवायला सांगितलेलं नाही, माझ्या तरी कानावर नाही. यंदा पालखी वर जाईल असं ठरलं.

आणि खरा घोळ तिथूनच सुरू झाला. पालखीच्या दिवशी देवळातून निघताना पहिल्या खांद्यासाठी दोन्ही वाड्या छाती काढून उभ्या. वरच्या वाडीची वाट म्हणजे सरळ उभा चढ, दगडगोटे, वर फाल्गुनातलं ऊन. चढाच्या पायथ्याशी आल्यावर मात्र खालची वाडी म्हणाली, इथून पुढचा मान मधल्या वाडीचा. मधली वाडी म्हणाली, छे छे, आम्ही तुमचा मान कसा घेऊ? ज्या खांद्यासाठी माणसाचा डोळा गेला, तो आता कुणालाच नको होता. मी तो कागद बरोबर आणला होता. त्यात चढाचा उल्लेखच नव्हता.

शेवटी हवालदार पुढे झाले आणि ओरडले, "अरे, पालखी उचलता का पोलिसांनी न्यायची? मग मान आमचा, दर वर्षी!" एवढ्यावर दोन्ही वाड्या एकदम वाकल्या. खालच्या वाडीचे पुढे, मधल्या वाडीचे मागे, पाय घसरतायत, एकमेकांना शिव्या आणि आधार देतायत. ढोलवाल्यांनी अर्ध्या वाटेत ढोल खाली ठेवले. पाटील पुढच्या दांड्याला होता. चेहरा लालबुंद, टोपी कुठेतरी खाली दरीत गेलेली.

अंगण सारवलेलं होतं. पालखी टेकवली. म्हातारी दारात उभी होती, इरकली लुगडं नेसून. तिने एकामागून एक चारही खणांनी ओटी भरली. तांदूळ सारवलेल्या अंगणात सांडत होते. पहिले तीन खण पेटीत राहून घड्यांवर पिवळे पडले होते. तिने पालखीवर डोकं टेकलं आणि किती तरी वेळ वर काढलं नाही. म्हातारा खांबाला धरून उभा होता. बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या आणि पदराने उघड उघड डोळे पुसत होत्या.

ओटी झाली, पण गाव तसंच घुम्यासारखं उभं. पालखी आली होती, बोलणं आलं नव्हतं. नोटिशीने माणसाला चढ चढवता येतो, त्याचं तोंड उघडता येत नाही. चाळीसेक माणसं त्या अंगणात धापा टाकत होती आणि एकाच्याही तोंडून शब्द नाही. आता ही पालखी उचलतील आणि निघून जातील, असं मला वाटलं.

पाटील जोत्यावर मटकन बसला. त्याने घाम पुसला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कोरड्या घशाने म्हणाला,

"वयनी, पानी दे गो."

म्हातारी जागची हलली नाही. तिला वाटलं, तो दुसऱ्या कुणाला म्हणतोय. तीन वर्षं त्या गावातल्या कुणी तिला हाक मारली नव्हती. म्हाताऱ्याने तिच्या खांद्याला हात लावला, "तुलाच म्हनतोय गो," तेव्हा ती आत धावली. हंडा आणला, तांब्या आणला. पाटील घटाघटा प्यायला. मग सगळेच पुढे सरकले, आणि पाण्याबरोबर बोलणंही सुटलं. कुणी म्हणालं, वरचं पाणी गोड हाय. कुणी शेळ्या किती ते विचारलं. गिरणीवाला म्हणाला, भात घेऊन ये उद्या. त्या दिवशी तक्रारीवर अंगठा उठला नाही.

निघताना म्हातारा माझ्याजवळ आला. "साहेब, परत कदी साक्ष लागली तर सांगा."

"नको हां!" म्हातारी आतून ओरडली. "ह्यांना आता काय बगायला सांगू नका!"

सगळं अंगण हसलं. मीही हसलो, पण उतरताना मनात हिशेब करत होतो. गावाने त्या माणसाशी बोलणं सोडलं होतं, हे खरं. पण सोडणाऱ्यांत पहिला मी होतो, ती तिसरी चूक. निकाल लागला त्या दिवशी मी त्याच्याशी जे बोललो ते शेवटचं. गावाला निदान राग तरी होता. मला तर आठवणही नव्हती.

पुढच्या नोकरीत मी एक सवय लावून घेतली. निकाल लागला की महिन्या-दोन महिन्यांनी साक्षीदाराच्या घरी जायचो, ओट्यावर बसून पाणी मागायचो आणि विचारायचो, तुमच्याशी कोण कोण बोलतं? याची नोंद करायला ठाण्यात कुठलंच रजिस्टर नाही, त्यामुळे ते तोंडीच विचारावं लागतं.